खंडपीठ एक, पेन्शन दोन?



समोरची माणसं मधेच उठून जाऊ शकतात, याची निवृत्त न्यायाधीशाला सवय नसते. म्हणून थोडक्यात बोलतो.

17 एप्रिल 2021 रोजी इथल्याच वांगणी स्टेशनात पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावले आणि समोरून गाडी येत असताना एका अंध आईचं लेकरू त्यांनी फलाटावर उचलून ठेवलं. हा माणूस कोणत्या भरतीतून लागला, असं त्या दिवशी कुणी विचारलं का? उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना मात्र हा प्रश्न निवृत्तीनंतरही चुकत नव्हता.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 217 ने उच्च न्यायालयाला दोन दारं ठेवली: दहा वर्षांची न्यायिक सेवा किंवा उच्च न्यायालयातली दहा वर्षांची वकिली. आत गेल्यावर दोघं एकाच खंडपीठावर बसतात. फाशी कायम करायची की रद्द, याच्या निकालपत्राखाली दोघांच्या सह्या असतात आणि कुणाचीच सही हलकी नसते. पेन्शनची फाइल उघडली, की मात्र हिशेब वेगळे असायचे.

गंमत म्हणजे ठेच दोन्ही दारांपाशी लागली. आधी वकिलीतून आलेल्यांची सेवा कमी भरायची. 2014 मध्ये पी. रामकृष्णम राजू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या वकिलीची दहा वर्षं धरायला लावली. मग तक्रार आली जिल्हा न्यायपालिकेतून वर गेलेल्यांची. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्ती आधी आणि नेमणुकीचा आदेश नंतर, की मधला काळ ठरला ‘सेवेतला खंड’. फाइल रेंगाळली दिल्लीत, भुर्दंड न्यायमूर्तींना!

19 मे 2025 रोजी अमरावतीचे सुपुत्र, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं हा घोळ मिटवला. निवृत्त न्यायमूर्तींना वर्षाला 13.50 लाख, निवृत्त मुख्य न्यायमूर्तींना 15 लाख मूळ पेन्शन. मग ते कोणत्याही दारानं आलेले असोत, कायम असोत वा अतिरिक्त. नव्या पेन्शन योजनेत कापलेले स्वतःचे पैसेही लाभांशासह परत.

परवा एक स्नेही चहा घेता घेता म्हणाले, “साहेब, आम्ही कनिष्ठ स्तरापासून बदल्या झेलल्या, पोरांच्या शाळा बदलल्या. उशिरा आलेल्या वकिलालाही तेवढंच?” मी म्हटलं, बदल्यांचं मोल पगारात आणि बढतीत मागा. ही पेन्शन त्या पदाची आहे. कायम न्यायमूर्तीला आपल्याच उच्च न्यायालयात पुन्हा वकिली करता येत नाही. अनुच्छेद 220 तसं बजावतो. पुढे कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही, हा भरवसा असला की निकाल लिहिताना हात अडखळत नाही.

आता थोडं खाली पाहू. एकाच न्यायालयात, एकाच टेबलाशी दोन लिपिक. राज्य सेवेत एक 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेला, दुसरा नंतर. पहिला जुन्या पेन्शनचा, दुसरा नव्या योजनेचा. रोजनामा दोघंही तोच लिहितात. हा निकाल त्यांना लागू नाही, हे मला कळतं. पण ज्या तर्कानं आपण न्याय मागितला, तो तर्क जिन्यानं खाली उतरताना आपणच दार लावून घेऊ नये. माझे निकाल ज्यांनी रात्री थांबून टंकले, त्यांच्यापुढे मला मान खाली घालावी लागू नये, एवढीच इच्छा.