यंत्राचा पाटकरी कोण?



अभियांत्रिकी आणि संगणकातलं उपयोजित संशोधन वेगवेगळ्या उद्योगांत काय करतं आहे, यावर बोलावं असं आयोजकांनी सुचवलं. विषय जगभर फिरून येण्याएवढा मोठा आहे. मी मात्र तापीच्या खोऱ्यातून फारसा हलणार नाही. इथे शेती आहे, डाळमिल आहेत, जिनिंग आहे, पाइपांचे कारखाने आहेत. या सगळ्यांना विचारण्यासारखा एकच प्रश्न मी आणला आहे. यंत्र बसवून झालं, उद्घाटन झालं, फोटो निघाले. त्यानंतर त्या यंत्राकडे बघणार कोण?

धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत आहे, ती किमान तीनशे वर्षं जुनी मानतात. नदीवर बुटका बंधारा, त्यातून उताराने निघालेला पाट, आणि पाटाखालच्या थळाचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. पुढच्या वर्षी पीक बदलतं. त्यामुळे पाण्याचा हिशेब शेतकऱ्यागणिक न होता फडागणिक होतो. हे झालं आराखड्याचं. पण ही व्यवस्था टिकली ती पाटकऱ्यामुळे. पाणी कोणाच्या वाफ्यात किती वेळ राहील हे तो ठरवणार. शेतमालकाने स्वतः बारं फोडायचं नाही. जोडीला पिकावर नजर ठेवणारा जागल्या. पावसाळ्यापूर्वी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी यायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर यंत्रणा, तिचा चालक आणि तिची देखभाल यांचा आराखडा एकत्रच झाला होता. आज आपण पहिल्यावर निबंध लिहितो आणि उरलेल्या दोघांना ‘फ्युचर स्कोप’मध्ये ढकलतो.

याच पांझरेच्या खोऱ्यात १८८४ साली पुण्याहून नुकताच इंजिनिअर होऊन आलेला तेवीस वर्षांचा एक तरुण दाखल झाला. सार्वजनिक बांधकाम खात्याने त्याच्यावर दातर्तीजवळ पाण्यासाठी नळांचा सायफन टाकण्याचं काम सोपवलं. पावसाने कामात अडथळे आणले, तरी ते पार पडलं. तो तरुण म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली, तीत पाणी कोणाला, कुठे, किती वर्षं, याची आखणी होती. फडांचा त्या पद्धतीशी थेट संबंध होता असा दावा मी करणार नाही. पण पाण्याचं वाटप हा अभियांत्रिकीचाच भाग आहे असं मानणाऱ्या माणसाने नोकरीची सुरुवात खान्देशात केली, एवढं सांगायला मला आवडतं.

आता जळगावकडे येऊ. भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपये भांडवलावर रॉकेलचा व्यापार सुरू केला. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या पावडरीचा एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि त्यात फेरबदल करून पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पाइप, ठिबक आणि ऊतिसंवर्धित केळी हे सगळं त्यानंतरचं. त्यांच्या कंपनीने पुढे कर्जाचे कठीण दिवसही पाहिले, ते लपवण्याचं कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की ठिबकचं मूळ तंत्र इस्राएलचं होतं आणि इथे सोडवायचे प्रश्न इथले होते. आपल्या विहिरींच्या पाण्यात क्षार आहेत. ताशी चार लिटर पाणी देणारा ड्रिपर दोन हंगामांत चुन्याने बुजतो. मग आम्ल सोडून पाण्याचा सामू चारपर्यंत उतरवायचा, नळ्या काही तास तशाच ठेवायच्या, शेवटची टोकं उघडून धुऊन काढायच्या. शेवाळ असेल तर क्लोरीन. खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात ते वेगळंच. जिथे विक्रेत्याचा माणूस पहिली दोन वर्षं बांधावर जात राहिला, तिथे ठिबक टिकलं. जिथे अनुदानाची फाइल बंद झाल्यावर कोणी फिरकलं नाही, तिथे नळ्यांची भेंडोळी बांधावर पडलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

एक उदाहरण जरा जवळून पाहू, कारण त्यावर कोणत्याच सत्रात निबंध नाही. शेतीपंपाला वीज मिळते ती पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री दोनला उठून मोटार चालू करायला जाणं, पायाखाली साप आहे की विंचू हे न बघता, याला कंटाळून गावोगावच्या वायरमननी ऑटोस्विच बसवून दिले. वीज आली की मोटार आपोआप सुरू. ही अस्सल खान्देशी उपयोजना. आता हिशेब करा. ६३ केव्हीएची डीपी, म्हणजे रोहित्र, तिच्यावर पाच एचपीच्या दहा मोटारी. चालू असताना एकेक मोटार साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे एकूण ७५. डीपी नव्वदीच्या आत पेलते, ठीक. पण सुरू होताना मोटार पाच-सहा पट प्रवाह ओढते. दहाही ऑटोस्विच एकाच क्षणी जागे झाले की मागणी चारशेच्या घरात जाते. फ्यूज उडतो. कोणीतरी जाड तार टाकतो. मग एके दिवशी डीपीच जळते आणि ऐन केळीच्या कांदेबागेच्या लागणीत दहा घरांचं पाणी बंद होतं. महावितरण ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा असं वर्षानुवर्षं सांगतं. ऑटोस्विच कोणी काढत नाही आणि काढणारही नाही.

तांत्रिक तोडगा किरकोळ आहे: प्रत्येक स्विचला वेगवेगळा विलंब द्यायचा. पहिली मोटार लगेच, दुसरी अर्ध्या मिनिटाने, तिसरी एका मिनिटाने. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी हे सर्किट दुपारभरात जुळवेल. पण पहिला क्रमांक कोणाचा? विलंब शून्यावर आणून ठेवणाऱ्याला कोण टोकणार? डीपीला पाटकरी नाही, ही खरी अडचण आहे, आणि ती सर्किटात सुटत नाही. या विषयावर कोणी विद्यार्थी काम करणार असेल तर विद्युत विभागाच्या मार्गदर्शकाबरोबर ग्रामपंचायतीचं राजकारण कळणारा एक मार्गदर्शकही त्याला द्या.

संगणकाकडे वळतो, कारण दुपारच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘पानाच्या फोटोवरून रोगनिदान’ हा विषय मला अनेकदा दिसला. यातल्या बऱ्याच कामांचा पाया ‘प्लांटव्हिलेज’ हा छायाचित्रसंग्रह असतो. त्यावरचा गाजलेला निबंध २०१६ चा. ५४,३०६ छायाचित्रं, अचूकता ९९.३५ टक्के. हा आकडा सगळे उद्धृत करतात. त्याच निबंधात लेखकांनी प्रामाणिकपणे पुढे लिहिलं आहे की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. हा आकडा मात्र फारसा कोणी उचलत नाही. आणि त्या संग्रहातल्या १४ पिकांत केळी नाही, कापूसही नाही! जळगावात बसून आपण सफरचंदाच्या पानांवर प्रशिक्षण देत असू तर ती कवायत आहे. तिला संशोधन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

केळीवरचा हरण्या घ्या. विषाणूजन्य रोग, मावा पसरवतो, काकडीवर्गीय पिकांतून आणि तणांतून येतो. पानावर पिवळे पट्टे दिसतात तेव्हा कॅमेऱ्याला कळतं खरं, पण तेव्हा रावेरच्या शेतकऱ्यालाही कळतं. झाड उपटून पुरून टाकण्याखेरीज त्या वेळी काही उरलेलं नसतं. त्याला हवंय ते आधीचं काही: रोपवाटिकेतलं रोप विषाणूमुक्त आहे का याची स्वस्त चाचणी, शेजारच्या शिवारात मावा वाढल्याची खबर. प्रश्न चुकीच्या वेळेचा निवडला तर ९९ टक्के अचूक उत्तराचंही मोल शून्य. याउलट वाधवानी एआय या संस्थेने कापसात कामगंध सापळ्यातल्या किडी मोजायचं काम निवडलं. फोटो सापळ्याचा, मोजणी यंत्राची, आणि सल्ला फवारणीच्या आधीचा. वेळेची निवड मला पटते.

हवामान केंद्रांची गोष्ट अधिक नाजूक आहे. ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं आहेत, आणि त्यांच्या नोंदींवर फळपीक विम्याची भरपाई ठरते. किमान तापमान ठरलेल्या अंशाखाली ठरलेले दिवस राहिलं तरच पैसे. तापमापक मोकळ्या जागी, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, भिंतीपासून दूर असावा असा दंडक आहे. दिवसभर तापलेली भिंत शेजारी असेल तर रात्री ती ऊब सोडते, आकडा अर्ध्या अंशाने वर राहतो. तापीकाठच्या सखल मळ्यात केळीचा पोगा थंडीने आखडलेला असतो आणि नोंदीत थंडी पडलेलीच नसते. अर्ध्या अंशाची ही चूक प्रयोगशाळेत तळटिपेत जाते. इथे ती एका कुटुंबाचं वर्ष ठरवते. यंत्रशिक्षणाचं कितीही भारी प्रारूप या नोंदींवर चढवलं तरी भिंत जागेवरच राहणार.

डाळमिलवाल्यांना मी विसरलेलो नाही. शंभर किलो तुरीत डाळीचा अंश पंचाऐंशीच्या आसपास असतो, जुन्या पद्धतीने हाती सत्तर-पंचाहत्तर लागते. बाकी चुनीत आणि सालात जाते. म्हैसूरच्या सीएफटीआरआयने उन्हावर न विसंबता गरम हवेने तूर तयार करण्याची पद्धत दिली. कॅमेऱ्याचे कलर सॉर्टरही आता आले. पण सॉर्टरच्या नळीला कोरडी हवा लागते. कॉम्प्रेसरमधला ओलावा आणि मिलमधली धूळ एकत्र आली की खराब दाण्याबरोबर चांगलाही उडतो. सॉर्टर चालवणारा ऑपरेटर हे आवाजावरून ओळखतो. त्याचं ज्ञान कुठल्याही निबंधात नोंदलेलं नाही.

म्हणून आयोजकांपुढे एक सूचना ठेवतो. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक निबंधात एक पान सक्तीचं करा: हे बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, सुटा भाग कुठे मिळणार, चूक झाली तर भुर्दंड कोणाच्या खिशातून. ते पान कोरं असेल तर निबंध परत पाठवा. आणि एक सत्र ऑपरेटर, वायरमन आणि ठिबकच्या फिटरांना द्या. बोलायला तेच उभे राहतील, समोर प्राध्यापक बसतील. मानधन बाहेरगावच्या पाहुण्यांना देतो तेवढंच द्या, कारण त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडणार आहे.

चहानंतर लगेच जिनिंगवरचं सत्र आहे आणि ते वेळेत सुरू करायचं आहे, तेव्हा मी आपली रजा घेतो.