शाळेच्या रंगमंचावर 'शाकुंतल'

भोपाळच्या या साकेतनगरात मुलांचे संगीत नाटक बसवावयाचे, तर ध्वनिमुद्रित गाण्यांवर त्यांना नुसते ओठ हलवू देऊ नयेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत गाण्याचा भार सूत्रधारावरच असे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचे 'शाकुंतल' मराठीत रंगभूमीवर आणले, त्यात पात्रे स्वतः गाऊ लागली. मुलांचा हा हक्क आपण काढून घ्यावा काय? त्या रात्री चारच अंक झाले. शाळेलाही तेवढे पुरेत. चौथ्यात शकुंतला सासरी निघते. तेथे कण्व झालेल्या मुलाचा नुकताच फुटलेला आवाज कापला, तरी हरकत नाही. पेटीवाल्याने मात्र पट्टी उतरवून घ्यावी.