माहितीपत्रकाचें लेखन

आजच्या भाषणाचा विषय कांहींना किरकोळ वाटेल. काव्य, नाटक, कादंबरी यांच्या लेखनाविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे. परंतु दुकानदार, कारखानदार, शाळा अथवा दवाखाना ज्या घडीच्या कागदावर आपली ओळख करून देतो, त्या माहितीपत्रकाकडे कोणी वळून पाहत नाहीं. वास्तविक आपल्या घरीं वर्षांत जितक्या कादंबऱ्या येत नाहींत, तितकीं पत्रकें महिन्याभरांत येतात. त्यांपैकीं बहुतेक न वाचतांच रद्दींत जातात, आणि याचा दोष वाचणाऱ्याचा नव्हे.

माझें राहणें नरडाण्यास. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें हें स्टेशन. जवळच औद्योगिक वसाहत आणि सभोंवार कपाशीचीं शेतें. त्यामुळें पत्रक काढणारे आणि तें वाचून पैसा खर्चणारे, असे दोन्ही पक्ष येथें एकाच बाजारांत भेटतात. निवृत्त मास्तर म्हटला, कीं मंडळी त्याच्याकडून अर्ज, निमंत्रणपत्रिका आणि पत्रकें लिहून नेणारच. मजकूर मागावयास आलेल्या गृहस्थास मी प्रथम एवढेंच विचारतों, “हा कागद वाचून माणसानें काय करावें, असें आपलें म्हणणें आहे?” याचें उत्तर बहुधा येत नाहीं. ‘आमची माहिती लोकांस व्हावी,’ इतकेंच येतें. परंतु लोकांस आमची माहिती नको असते. त्यांना आपली अडचण दूर व्हावयास हवी असते.

महाराष्ट्रांत ही गोष्ट ज्यांनीं फार लवकर ओळखली, त्यांत किर्लोस्करवाडीच्या मंडळींचें नांव घ्यावें लागेल. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केले, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास फार काळ लागला. नांगरांत उणें कांहीं नव्हतें. उणीव होती ती विश्वासाची. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना उभा राहिला, आणि लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनीं जाहिरातीचें काम हातीं घेतलें. १९२० सालीं त्यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याच्या मालाची आणि कामाची खबर गिऱ्हाइकांस पोंचविण्यासाठीं. हीच खबर वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झाली आणि मराठी सुशिक्षितांच्या घरोघर गेली, हें आपणांस ठाऊक आहेच. शंकरराव मूळचे चित्रकार होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चित्र आणि मजकूर एकाच डोक्यांतून निघाले, कीं एकमेकांच्या अंगावर पडत नाहींत. आज मजकूर एकाचा, मांडणी दुसऱ्याची आणि घाई मात्र सर्वांची!

विश्वासाहून मोठी अशी एक गोष्ट कधीं कधीं या कागदावर अवलंबून असते, ती म्हणजे जीव. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. कारणें अनेक होतीं : पीक डोक्याइतकें वाढलेलें, दोन-तीन औषधांचीं मिश्रणें, अंगावर संरक्षक कपडे नाहींत. सारा दोष कागदावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं १९७१ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें अशा औषधासोबत पत्रक द्यावें लागतें, आणि तें हिंदी, इंग्रजी व प्रादेशिक भाषेंत असावें लागतें. डब्यावर चौकटीच्या आकाराची एक खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्यांत लाल रंग असेल तर विष अत्यंत जहाल, त्याहून कमी तें पिवळें, मग निळें, शेवटीं हिरवें. ज्याला वाचतां येत नाहीं त्यालाहि कळावी, अशी ही योजना आहे आणि ती उत्तम आहे. पण रंगाचा अर्थ त्याला कोणी सांगितलाच नाहीं, तर?

अशीं पत्रकें मीं मुद्दाम जमवून पाहिलीं. खसखशीएवढीं अक्षरें, आठ-आठ घड्या, आणि विष अंगावर सांडल्यास काय करावें, हें शेवटच्या कोपऱ्यांत. मराठी अशी : ‘प्रतिकूल वायुप्रवाहांत फवारणी वर्ज्य करावी.’ हें वाचणारा मजूर आमच्याकडे घरीं अहिराणी बोलतो. त्याला सांगावयाचें असेल तर ‘समोरून वारा असतांना फवारूं नका’ असें सांगावें. आणि ‘बाधा झाल्यास हा कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा’ हें वाक्य सर्वांत वर, सर्वांत मोठ्या टाइपांत असावें. कारण कोणतें औषध पोटांत अथवा अंगावर गेलें, हें कळल्याखेरीज डॉक्टरांस योग्य उपाय ठरविणें कठीण जातें.

भाषेचा हा नेम साध्या पत्रकासहि लागू आहे. इकडे ‘निंदणी’ म्हणतात. तेथें पुण्याची ‘खुरपणी’ घालून काय साधतें? ‘सर्वोत्कृष्ट’, ‘एकमेव’ हीं विशेषणें काढून त्या जागीं आंकडा घालावा : पंप तासाला किती पाणी उपसतो, दुरुस्तीस माणूस किती दिवसांत येतो. किंमत लपवूं नये. ती दिसली नाहीं, कीं माणूस मनांत आहे त्याहून अधिकच धरतो.

मांडणीविषयीं थोडेंसें. ए-फोर कागदास दोन घड्या घातल्या, कीं सहा बाजू मिळतात. पहिल्या बाजूवर आपल्याकडे कुलदैवत, मालकांचे वडील आणि मालक असे तिघे विराजमान होतात. त्यांस मागच्या बाजूस मानानें बसवावें, आणि पुढें वाचणाऱ्याच्या कामाची गोष्ट घालावी. देवनागरीस वर-खालीं मात्रा-उकार असतात. म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षां अधिक अंतर सोडावें लागतें, हें मांडणी करणारीं तरुण मुलें नेहमीं विसरतात. पिवळ्यावर पांढरीं अक्षरें तर कोणीच वाचूं शकत नाहीं. आतां हाच कागद भ्रमणध्वनीवर चित्र म्हणून फिरतो. तेव्हां तळहाताएवढ्या पडद्यावर काय दिसेल, तेंहि पाहून घ्यावें.

मजकूर तयार झाला, कीं चौथी शिकलेल्या एखाद्या माणसाकडून तो मोठ्यानें वाचवून घ्यावा. तो जेथें अडखळेल तेथें वाक्य तोडावें. मग एकच प्रत काढून, घडी करून, आठवडाभर सदऱ्याच्या खिशांत वागवावी. पुष्कळदां असें दिसतें, कीं घडी नेमकी दूरध्वनीच्या क्रमांकावर येते आणि त्यांतील दोन आंकडे झिजून जातात. हजार प्रती छापण्यापूर्वीं तो क्रमांक बोटभर खालीं सरकवावा.