कमरेचा पट्टा आणि अंगची विद्या

विद्येची परीक्षा कोणीं व कशी घ्यावी, हा प्रश्न फार जुना आहे. गवयाची परीक्षा मैफलींत होते, मल्लाची आखाड्यांत होते आणि पुस्तकी विद्येची कागदावर होते. कागदावरच्या परीक्षेंत एक सोय असते. तिची तारीख आगाऊ कळते, व ती एकदां उलटली म्हणजे उमेदवार मोकळा होतो. ब्राझिलियन जिउ-जित्सु नांवाच्या कुस्तीविद्येंत ही सोय नाहीं. तेथें शिष्याची योग्यता त्याच्या कमरेच्या पट्ट्याच्या रंगावरून ओळखतात. परंतु तो रंग कोण देतो आणि तो मिळण्यास किती काळ लागतो, हें पाहिलें म्हणजे या पद्धतीचें मर्म ध्यानांत येतें.

पद्धतीचें मूळ जपानांत आहे. जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं टोकिओ येथें कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. ‘गो’ या जपानी बैठ्या खेळांत खेळाडूंच्या श्रेणी लावण्याची चाल होती. ‘दान’ नांवाची ती श्रेणी कानो यांनीं आपल्या विद्येस लावली, आणि वरच्या श्रेणीच्या शिष्यानें काळा पट्टा बांधण्याचा प्रघात त्यांच्या शाळेंतून पडला. कोदोकानांत तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ सालीं ब्राझिलांत पोंचले व पुढें अमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम शहरीं स्थायिक झाले. त्यांची विद्या कार्लोस ग्रेसी या तरुणानें उचलली. आणि त्यानें व त्याच्या भावांनीं, विशेषतः एलिओ ग्रेसी यांनीं, रिओ द जानेरो येथें तिला निराळें वळण लावलें. उभ्यानें प्रतिपक्ष्यास फेकण्यापेक्षां जमिनीवर पडल्यानंतर काय करावें, इकडे त्यांचें लक्ष अधिक. पाठीवर पडलेल्या दुबळ्या माणसानेंहि वरच्या बळकट माणसाचा सांधा अडकवून किंवा गळा आवळून त्यास हार मान्य करावयास लावावी, हें या विद्येचें सार होय. हार मान्य करणें म्हणजे हातानें दोनतीन थापा मारणें. त्या पडतांच पकड सुटते.

प्रारंभीं ग्रेसींच्या शाळेंत रंगांचा पसारा नव्हता. शिष्यांना पांढरा, साहाय्यक शिक्षकांना फिका निळा आणि मुख्य शिक्षकांना गडद निळा, एवढे तीनच पट्टे होते. १९६७ सालीं रिओ येथें या विद्येचा संघ स्थापन झाला आणि त्यानंतर रंगांचा क्रम ठरत गेला. आज प्रौढांसाठीं पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी व काळा असा क्रम आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणें निळ्या पट्ट्यावर निदान २ वर्षें, जांभळ्यावर दीड वर्ष व तपकिरीवर १ वर्ष काढावें लागतें, आणि वयाचीं १९ वर्षें पुरीं झाल्याशिवाय काळा पट्टा मिळत नाहीं. हा झाला कमींतकमी काळ. प्रत्यक्षांत नियमानें येणाऱ्या शिष्यासहि काळ्या पट्ट्यापर्यंत पोंचण्यास बहुधा १० वर्षांच्या आसपास लागतात. हवाई बेटांतील बी. जे. पेन यांनीं हें अंतर सुमारें ३ वर्षांत कापलें व २००० सालीं काळ्या पट्ट्याच्या जागतिक स्पर्धेंत विजय मिळविला; पण त्यांचें नांव आजहि अपवाद म्हणूनच घेतलें जातें.

एवढा काळ कां लागावा? पुष्कळ शाळांत पट्ट्यासाठीं निराळी परीक्षा नसते. शिक्षकाच्या मतावरच सारें अवलंबून असतें. तथापि हें मत मनमानी होण्यास फारशी जागा नाहीं. वर्गाच्या शेवटीं शिष्य एकमेकांशीं खरी झोंबी घेतात. प्रतिपक्षी तेथें मुद्दाम पडत नाहीं, कीं मुद्दाम हात पुढें करीत नाहीं. घोकलेला डाव दोन क्षणांत उघडा पडतो. शिक्षकानें भीड पडून एखाद्यास वरचा रंग दिलाच, तर त्याच सायंकाळीं खालच्या रंगाचे गडी त्याची झाडाझडती घेतात. शिक्षकाचा शब्द आणि गादीवरची प्रचीति या दोहोंनीं मिळून पट्ट्यास किंमत येते.

रंगांचे अर्थहि याच अनुभवांतून ठरले आहेत. पांढऱ्या पट्ट्याचा शिष्य मुख्यतः हरावयास शिकतो: गुदमरतांना घाबरूं नये, वेळींच थाप मारावी, आणि पुन्हां हात मिळवून बसावें. निळा पट्टा म्हणजे संकटांतून सुटतां येतें, एवढी खूण. याच पायरीवर पुष्कळांचा धीर सुटतो. कारण पहिलें नवल ओसरलेलें असतें आणि पुढची वाट लांब दिसूं लागते. जांभळ्या पट्ट्यास स्वतःची लढण्याची रीत सांपडलेली असते, तर तपकिरी पट्ट्याचा काळ त्या रीतींतील खोट काढण्यांत जातो. काळा पट्टा हा शेवट मानीत नाहींत. त्यावरहि श्रेणी आहेत: पहिल्या तीन श्रेणींस प्रत्येकीं ३ वर्षें, पुढच्या तिहींस प्रत्येकीं ५ वर्षें. सातव्या श्रेणीस तांबडा-काळा, आठवीस तांबडा-पांढरा आणि नववीस तांबडा पट्टा. काळा पट्टा १९ व्या वर्षीं मिळाला, तरी तांबडा पट्टा ६७ व्या वर्षाच्या आधीं मिळूं शकत नाहीं. दहावी श्रेणी आद्यप्रवर्तक ग्रेसी बंधूंपुरतीच राखलेली आहे.

आपल्या शहरांतूनहि आतां अशा निरनिराळ्या विद्यांचे वर्ग निघाले आहेत. दर दोनचार महिन्यांनीं नवा रंग, त्याची निराळी फी आणि समारंभाचें छायाचित्र, असा प्रकार कांहीं ठिकाणीं आढळतो. मुलाचा हिरमोड होऊं नये ही आईबापांची इच्छा स्वाभाविक आहे. जिउ-जित्सुंतहि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं राखी, पिवळा, नारिंगी व हिरवा असे निराळे पट्टे ठेवले आहेत. परंतु मुलास काळा पट्टा तेथें मुळींच मिळत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. रंगाची फी भरण्यापूर्वीं आईबापांनीं एवढेंच पाहावें: त्या वर्गांत अडविणाऱ्या गड्याशीं झोंबी होते काय, आणि हरलेलें मूल दुसऱ्या दिवशीं आपण होऊन परत जातें काय? ज्याला स्वसंरक्षण येतें अशी खोटी खात्री पट्ट्यानें पटविली, तो पट्टा नसलेल्यापेक्षां अधिक धोक्यांत असतो.

एलिओ ग्रेसी २००९ सालीं ९५ व्या वर्षीं वारले. त्यांचे पुत्र रॉइस यांनीं १९९३ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथें पहिली अल्टिमेट फायटिंग चँपियनशिप जिंकून ही विद्या जगापुढें आणली. स्वतः काळ्या पट्ट्याच्या वरच्या श्रेणीचे असूनहि वडिलांच्या स्मरणार्थ ते जुन्या शाळेचा गडद निळा पट्टा बांधतात. त्यामुळें त्यांची योग्यता तिळमात्र कमी झालेली नाहीं. गादीवर उतरणाऱ्यास ती पहिल्या पकडींतच कळते.