तिसरा रकाना

महाराष्ट्रातल्या काही जुन्या गावांत चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसविलेली आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. किती गेले आणि किती मेले, असे दोन आकडे. पण त्याच युद्धात मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला वेढा पडला. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेने शस्त्रे खाली ठेविली. तिच्यात मराठा पलटणींचे शिपाई होते. हजारो युद्धकैद्यांना वाळवंटातून पायी हाकीत नेले. कित्येक वाटेत पडले, कित्येकांचा पत्ताच लागला नाही. हे लोक पाटीवरच्या कोणत्या आकड्यात धरायचे? गेलेल्यांत ते आहेतच. पण मेलेल्यांत धरावे तर पुरावा नाही, आणि परत आलेल्यांत धरावे तर माणूस नाही. त्यांच्यासाठी तिसरा रकाना हवा होता, तो कोणी आखला नाही.

आपल्या खानदेशात ही अडचण आखाजीला फार जाणवते. आखाजीला आपण गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतो. ज्या घरचा जवान बेपत्ता आहे त्या घराने काय करायचे? घागर भरली तर आपणच त्याला मेला म्हटल्यासारखे होते. न भरली आणि तो खरोखरच गेला असेल तर तो तहानलेला राहिला, ही रुखरुख. ‘मना आंडोर’ म्हणून वाट पाहणाऱ्या आईला या प्रश्नाचे उत्तर ना पंचांगात सापडते, ना सरकारी पत्रात. कुंकवाचा प्रश्न तर त्याहून कठीण. पेन्शनसाठी सही करायची म्हणजे वैधव्य मान्य करायचे, आणि पोरं उपाशी ठेवून सही नाकारायची हेही जमत नाही. अशा बाईला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नावे ठेवू नयेत.

धुळे-चाळीसगाव रेल्वेमार्गावरचे बोरविहीर आपल्याला ठाऊक आहे. तिथला तरुण जवान चंदू चव्हाण २९ सप्टेंबर २०१६ रोजी काश्मीरमध्ये नियंत्रण रेषा ओलांडून पलीकडे गेला आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडला. ती बातमी ऐकून त्याच्या आजीने प्राण सोडला. धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे तेव्हा केंद्रात संरक्षण राज्यमंत्री होते. त्यांनी प्रकरण लावून धरले, आणि २१ जानेवारी २०१७ रोजी चंदूला वाघा सीमेवर आपल्या हवाली करण्यात आले. पुढे सैनिकी न्यायालयाने त्याला शिक्षाही दिली, तेव्हा काही शहाणे म्हणू लागले की अशा माणसासाठी एवढी धावपळ कशाला केली? मला हे म्हणणे पटत नाही. दोष असेल तर तो आपल्या न्यायालयाने, आपल्या भूमीवर ठरवावा. परक्याच्या कोठडीतून माणूस सोडवून आणणे हे पहिले काम, त्याचा हिशेब मागणे हे नंतरचे. मात्र प्रत्येक गावाच्या नशिबी संरक्षण खात्यातला मंत्री नसतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कैद्याच्या बाबतीत सारे काही कागदावर अवलंबून असते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे पकडलेल्या शिपायाने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढेच सांगायचे असते. छावणीत पोचल्यावर एका आठवड्याच्या आत त्याला घरी आणि जिनिव्हाच्या मध्यवर्ती संस्थेला एक कार्ड धाडू दिले पाहिजे. लढाई थांबली की विनाविलंब सोडले पाहिजे. हे कार्ड एकदा गेले की माणूस जगाच्या नोंदीत आला. मग त्याला नाहीसा करणे अवघड होते.

१९७१ च्या युद्धातलीच उदाहरणे घ्या. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर रावळपिंडीच्या छावणीत कैदी होते. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघां सोबत्यांसह ऑगस्ट १९७२ मध्ये भिंतीला भोक पाडून ते निसटले आणि थेट लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सरहद्द अवघ्या काही मैलांवर राहिली असताना पुन्हा पकडले गेले. एवढे करूनही १ डिसेंबर १९७२ रोजी तिघेही मायदेशी परतले, कारण त्यांची नावे यादीत होती.

याच्या उलट फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांची गोष्ट. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट भागात त्यांचे विमान पडले. त्या दिवसांत पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वृत्तपत्रात जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली, तीत तांबे यांच्या नावाशी जुळणारे नाव होते. पण कैद्यांच्या अधिकृत यादीत ते आले नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. रॅकेट बाजूला ठेवून त्यांनी पुढची कित्येक दशके दिल्लीतल्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना तर १९७४ च्या अखेरीस मुलाच्या हातची चिठ्ठी मिळाली होती; सरकारदरबारी मुलगा त्याआधीच धारातीर्थी पडलेला! २००७ साली चौदा नातेवाइकांनी पाकिस्तानातले तुरुंग फिरून पाहिले. कोणी सापडले नाही. असे कैदी आपल्याकडे नाहीतच, हे पाकिस्तानचे उत्तर कायम आहे. आपल्या सरकारने २०१९ मध्ये संसदेत बेपत्ता सैनिकांचा आकडा ८३ सांगितला, त्यात १९७१ चे ५४.

आपण त्या युद्धात सुमारे ९३,००० कैदी घेतले होते आणि १९७४ पर्यंत ते परत पाठविले. ते पाठविणे योग्यच होते. पण त्या वेळी आपल्या ५४ नावांचा आग्रह अधिक धरायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. आजवर जी काही हालचाल झाली ती मुख्यतः घरच्या माणसांनी केली. देश युद्धाचे वर्धापनदिन साजरे करीत राहिला.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आमच्या पिंपराळ्यात काय किंवा आपल्या गावात काय, फौजेत गेलेल्यांची नोंद शाळेत ठेवता येईल. एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: परत आलेले, धारातीर्थी पडलेले, आणि ज्यांचा पत्ता नाही असे. मुलांना घरोघरी पाठवून जुनी पत्रे, पदके, पलटणीची नावे उतरवून घ्या. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची लक्षावधी कार्डे जिनिव्हाच्या रेडक्रॉसने आता इंटरनेटवर खुली केली आहेत; एखाद्या पणजोबाचे नाव शोधून पाहायला हरकत नाही.

आणि गावात अशा जवानाचे घर असेल तर अर्ज लिहायला त्यांना हात द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय जळगावला आहे, धुळ्यालाही आहे. अर्जात सैनिकी क्रमांक, हुद्दा, पलटण आणि शेवटच्या पत्राची तारीख न चुकता घाला, एक प्रत आपल्या खासदारांना पाठवा, आणि दोन्हींची पोच घेऊन त्याच वहीत चिकटवा.