नोंदवहीपर्यंतची वाट

(मुरुड परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेले भाषण. विषय : शाळेचा संगणक व आभासी यंत्रातील डेटाबेस यांची जोडणी)



प्राथमिक शाळेच्या कपाटात जी वस्तू सर्वांत जपून ठेवावी लागते, ती म्हणजे जनरल रजिस्टर होय. मुलाचे नाव, जन्मदिनांक, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचा दिवस, एवढाच तिच्यातील एका ओळीचा मजकूर. परंतु त्या एका ओळीवर मुलाच्या पुढील आयुष्यातील कितीतरी व्यवहार उभे राहतात. मराठवाड्यास हे नव्याने सांगावयास नको. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा महसुली दप्तराबरोबरच शाळांच्या जुन्या प्रवेशनिर्गम नोंदवह्याही उघडल्या गेल्या. ज्या गुरुजींनी टाक दौतीत बुडवून ती ओळ लिहिली, त्यांना पुढे कोण ती शोधीत येईल याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्यांनी ती नेटकी लिहिली, एवढेच त्यांचे काम होते आणि ते पुरेसे होते.

हीच नोंदवही आता संगणकात गेली आहे. महाराष्ट्रात 2015 साली सरल प्रणाली सुरू झाली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद संगणकावर होऊ लागली. देशपातळीवरील यूडायस प्लस या प्रणालीतही 2022-23 पासून शाळेच्या एकत्रित आकड्यांऐवजी एकेका विद्यार्थ्याची माहिती घेतली जाऊ लागली. शाळेच्या अकरा अंकी यूडायस क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढील दोन जिल्ह्याचे, त्यापुढील दोन तालुक्याचे, नंतरचे तीन गावाचे व शेवटचे दोन शाळेचे असतात. लातूर जिल्ह्यातील शाळांचे क्रमांक 2728 ने सुरू होतात ते यामुळेच.

तथापि एक गोष्ट अनेक शिक्षकांच्या ध्यानात येत नाही. टेबलावरील संगणकाच्या पडद्यावर नोंद दिसते, पण ती त्या संगणकात नसते. ती दुसऱ्या ठिकाणच्या डेटाबेसमध्ये असते, आणि तो डेटाबेसही बहुधा एखाद्या आभासी यंत्रात नांदत असतो. जोडणी तुटली की पडदा कोरा होतो. नोंद गेली असे समजून शिक्षक नवी यादी तयार करतो आणि काही दिवसांनी ती भरतो. पुढे मूळ नोंदही सापडते. मग एकाच मुलाच्या दोन नोंदी, दोन जन्मदिनांक, क्वचित दोन शाळा! आजच्या भाषणाचा सारांश प्रारंभीच सांगावयाचा तर तो असा : नोंद बहुधा हरवलेली नसते, वाट अडलेली असते. अडलेली वाट शोधावी. दुसरी वही उघडू नये.

ही वाट समजून घेण्याचा उत्तम उपाय म्हणजे तीच व्यवस्था लहान प्रमाणावर आपल्या शाळेच्या संगणकात उभी करून पाहणे. त्यास वेगळा खर्च लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्स या प्रणालीचा मूळ भाग व पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस, ही दोन्ही विनामूल्य मिळतात. सरावासाठी मुलांची खरी माहिती मात्र वापरू नये. काल्पनिक नावे घालावीत.

आभासी यंत्र म्हणजे काय? एका खऱ्या संगणकाच्या स्मृतीचा, तबकडीचा व गणनशक्तीचा काही हिस्सा वेगळा काढून त्यावर दुसरा स्वतंत्र संगणक चालविणे, हे आभासी यंत्र होय. कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या मोठ्या संगणकांवर ती 1960 नंतरच्या दशकातच साकार झाली होती. डेटाबेसमधील माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांच्या रूपाने मांडावी हा विचार एडगर कॉड यांनी 1970 साली मांडला. या दोन जुन्या विचारांचा संयोग आज प्रत्येक कचेरीत घडलेला आहे. खऱ्या संगणकास यजमान व आत चालणाऱ्या आभासी यंत्रास पाहुणा म्हणावयाचा प्रघात आहे.

आपल्याकडील जुन्या वाड्याचे उदाहरण घेतले म्हणजे हे चटकन उमगेल. वाड्यास दिंडीदरवाजा असतो, दरवाजाच्या आत ढाळज असते, पलीकडे चौक व माजघर. अशा वाड्यात मागील खोलीत एक बिऱ्हाडकरू राहतो आणि गावाची नोंदवही त्याच्याजवळ आहे, असे समजावे. वाडा म्हणजे यजमान संगणक, मागील खोली म्हणजे आभासी यंत्र, बिऱ्हाडकरू म्हणजे डेटाबेस. आता त्याच्यापर्यंत निरोप कसा पोचावयाचा?

त्यास तीन रीती आहेत. पहिल्या रीतीस नॅट म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये काही न बदलल्यास हीच रीत लागू असते. बिऱ्हाडकरूचे पत्र वाड्याच्या मालकाच्या नावाने बाहेर जाते व उत्तर मालकामार्फत त्यास मिळते. परंतु बाहेरून थेट त्याच्या नावाने आलेले पत्र त्यास पोचत नाही, कारण बाहेरच्या जगास तो ठाऊकच नसतो. म्हणूनच आतील यंत्रातून इंटरनेट उत्तम चालते, पण टेबलावरील संगणकातून आतील डेटाबेस मात्र सापडत नाही. नवशिक्याची पहिली फसगत येथेच होते.

दुसरी रीत होस्ट-ओन्ली. यात मालक व बिऱ्हाडकरू यांच्यामध्ये एक खासगी दार असते, ज्याचा रस्त्याशी संबंध नसतो. या दारावर यजमानाचा पत्ता बहुधा 192.168.56.1 असतो. तिसरी रीत ब्रिज्ड. हिच्यात मागील खोलीस रस्त्यावर उघडणारे स्वतंत्र दार व स्वतंत्र घरक्रमांक मिळतो. शाळेतील दुसऱ्या संगणकासही ती खोली गाठता येते. एकाच संगणकावर काम करावयाचे असेल तर दुसरी रीत सर्वांत सुरक्षित. आतील यंत्रास दोन जोडण्या देता येतात : इंटरनेटसाठी नॅट आणि डेटाबेससाठी होस्ट-ओन्ली.

आता वाटेवरील चार दरवाजे क्रमाने पाहू.

पहिला दरवाजा पत्त्याचा. आतील यंत्राचा पत्ता आपोआप मिळत असेल, तर तो पुढे बदलू शकतो आणि काल चालणारी जोडणी आज चालत नाही. यास्तव तो कायम करून ठेवावा, उदाहरणार्थ 192.168.56.10. येथे आणखी एक चूक नेहमी घडते. पत्त्याच्या जागी शिक्षक ‘लोकलहोस्ट’ असे लिहितो. त्या शब्दाचा अर्थ ‘हेच यंत्र’ असा आहे. आतील यंत्रात बसून तो लिहिला तर बरोबर. टेबलावरील संगणकातून लिहिला तर संगणक स्वतःच्याच घरात डेटाबेस शोधू लागतो, आणि तो तेथे नसतोच.

दुसरा दरवाजा फायरवॉलचा, म्हणजे दिंडीदरवाजावरील राखणदाराचा. प्रत्येक सेवेस एक क्रमांक असतो, त्यास पोर्ट म्हणतात. पोस्टग्रेसक्यूएलचा 5432, मायएसक्यूएलचा 3306. राखणदारास ‘5432 वर येणाऱ्यास आत सोड’ असे सांगावे लागते. परंतु ‘कोणासही सोड’ असे न सांगता ‘192.168.56.1 कडून येणाऱ्यासच सोड’ असे सांगावे.

तिसरा दरवाजा कानाचा. पोस्टग्रेसक्यूएल प्रथम बसविला असता तो केवळ स्वतःच्या यंत्रातील हाक ऐकतो; बाहेरच्या हाकेकडे त्याचा कान नसतो. त्याच्या रचनेच्या फाइलमधील ‘लिसन ॲड्रेसेस’ या ओळीत आतील यंत्राचा पत्ता लिहावा व सेवा बंद करून पुन्हा सुरू करावी. नुसती ओळ बदलून भागत नाही.

चौथा दरवाजा ओळखीचा. कोणता वापरकर्ता, कोठून आला असता, कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या खुणेने प्रवेश करील, याची यादी डेटाबेसजवळ वेगळ्या फाइलमध्ये असते. तीत यजमानाच्या पत्त्याची ओळ नसेल, तर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही. मायएसक्यूएलमध्ये तर वापरकर्त्याच्या नावासच तो कोठून येणार हे जोडलेले असते.

दरवाजे चार असले तरी प्रत्येक वेळी चारही तपासावे लागत नाहीत, कारण कोणत्या दरवाजाशी वाट अडली हे संगणक स्वतःच सांगत असतो. पडद्यावरील इंग्रजी वाक्य पाहून शिक्षक घाबरतो व खिडकी बंद करतो. वास्तविक ते वाक्य वहीत उतरून घ्यावयास हवे. ‘टाइम्ड आउट’ असे आले तर निरोपास उत्तरच आले नाही. पत्ता चुकला असेल, आतील यंत्र सुरूच नसेल किंवा राखणदाराने निरोप गिळला असेल. ‘रिफ्यूज्ड’ असे आले तर निरोप घरापर्यंत पोचला, पण त्या क्रमांकाच्या दारी कोणी ऐकणारे नाही. बहुधा डेटाबेस बंद आहे किंवा त्याचा कान बाहेर नाही. ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ असे आले तर आनंदच मानावा, कारण पहिले तीनही दरवाजे उघडले असून केवळ ओळख पटावयाची राहिली आहे. तिन्ही वाक्ये अपयशाचीच. परंतु तीन निरनिराळ्या जागा दाखविणारी. मुलाचे गणित चुकले असता चांगला शिक्षक नुसती फुली मारीत नाही, कोणत्या पायरीवर चुकले ते पाहतो. येथेही तीच दृष्टी हवी.

जोडणी झाल्यावर नावांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर ती जोडणीची चूक नसून अक्षरांच्या संकेताची होय. डेटाबेस व संगणक दोघांनीही यूटीएफ-8 हाच संकेत धरावा, म्हणजे देवनागरी नावे जशीच्या तशी उमटतात. प्रश्नचिन्हे दिसत असताना नोंद जतन मात्र करू नये. मूळ नाव कायमचे पुसले जाण्याचा धोका असतो.

वीज जाण्याचा प्रश्न गावोगावी आहेच. आतील यंत्र चालू असताना यजमान संगणक एकाएकी बंद पडणे चांगले नाही. काम संपले की आधी आतील यंत्र रीतसर बंद करावे, मग बाहेरील. आणि प्रत ठेवावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले, त्याची आठवण या जिल्ह्यास सदैव राहील. ज्या इमारतीत वही तिचीच भिंत कोसळली, तर वही किती जपली होती याला अर्थ उरत नाही. यास्तव डेटाबेसची प्रत वेळोवेळी काढून ती दुसऱ्या इमारतीत, कुलपात ठेवावी. आभासी यंत्राचा स्नॅपशॉट त्याच तबकडीवर राहत असल्याने तो प्रतीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय प्रत परत उतरवून पाहिल्याविना ती चांगली आहे असे समजू नये.

जोडणी सुलभ व्हावी म्हणून सर्व दरवाजे सताड उघडे टाकण्याचा मोह काहींना होतो. त्यापासून दूर राहावे. मुलांचे जन्मदिनांक व आधार क्रमांक ही शाळेची मालमत्ता नव्हे, ती पालकांनी विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली संमत झाला असून त्यात 18 वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी विशेष तरतुदी आहेत. डेटाबेस थेट इंटरनेटवर उघडा करू नये, पासवर्ड भिंतीवर चिकटवू नये आणि सर्वांनी मिळून एकच पासवर्ड वापरू नये.

शेवटी, हे सर्व कोणासाठी? दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांच्याबरोबर तिसरी-चौथीतले मूलही जाते. कारखान्याच्या गावी ते शाळेच्या दाराशी उभे राहते, तेव्हा त्याच्याजवळ कागद नसतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातील पाचवे कलम स्पष्ट आहे : दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबविता येत नाही. कायद्याने दार उघडले; परंतु त्या मुलाची मागील नोंद नव्या शाळेस वेळेवर मिळाली नाही, तर तेथील शिक्षक नवी नोंद करतो, येथील नोंदीत मूल गैरहजर ठरते, आणि वैशाखात कुटुंब परत आल्यावर दोन्ही नोंदींपैकी खरी कोणती हा प्रश्न येथील गुरुजींपुढे उभा राहतो. संगणकाच्या युगातही मूल दोन वह्यांच्या मध्ये हरवू शकते.

म्हणून मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावातील मोठ्या शाळेने पुढाकार घ्यावा, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील शिक्षकांना बोलवावे आणि एका संगणकावर ही लहानशी व्यवस्था सर्वांदेखत उभी करून दाखवावी. प्रथम जोडणी करावी, मग एकेक दरवाजा मुद्दाम बंद करून पडद्यावर कोणते वाक्य येते ते प्रत्येकाने आपल्या हाताने लिहून घ्यावे. ती तीन-चार वाक्ये वहीत असली म्हणजे पुढे सरकारी प्रणाली अडली असताही शिक्षक गोंधळणार नाही. दूरच्या सर्व्हरचे दरवाजे उघडणे त्याच्या हाती नाही हे खरे. परंतु वाट कोठे अडली हे तो तालुक्याच्या कचेरीस नेमके कळवू शकेल, आणि तोपर्यंत दुसरी नोंद न करता थांबण्याचे धैर्य त्याच्या अंगी येईल.

पूर्वीच्या गुरुजींनी एका मुलाची एकच ओळ लिहिली आणि ती जपली. साधन बदलले, कर्तव्य तेच आहे.