मासे आणण्याआधीचे सहा आठवडे



खाऱ्या पाण्याचा फिशटँक घरी आणला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मासे कधी सोडायचे? टँक मांडला, वाळू पसरली, दगड रचले, पाणी भरलं, दिवा लावला. दोन दिवसांत पाणी इतकं नितळ होतं की आता थांबायचं कशासाठी, असं वाटतं. मग केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश घरी येतो आणि काही दिवसांतच पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकू लागतो. तो मेला की मुलं हिरमुसतात आणि मोठी माणसं म्हणतात, आमच्या हाताला मासे लाभत नाहीत. हाताचा यात काहीही दोष नसतो. पाणी नितळ होतं, पण तयार नव्हतं. ते तयार कसं करायचं आणि तयार झालंय हे कशावरून ओळखायचं, ते आज सांगतो.

माशाच्या अंगातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच निघतो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा नाकाला जो झोंबतो, तोच हा अमोनिया. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो, शंभर लिटरच्या टँकमध्ये मात्र साचत राहतो. त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. पीएच जितका चढा, तितका अमोनियाचा विषारी हिस्सा जास्त. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा सोसतो, तेवढाच इथे त्याचा जीव घेऊ शकतो.

यावरचा उपाय निसर्गाकडेच आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. शेतकरी श्रोत्यांसाठी सांगतो, शेतात युरिया टाकल्यावर मातीत हेच काम चालू असतं. नायट्रेट थोड्या प्रमाणात असेल तर मासे ते सोसतात. टँकमध्ये या जिवाणूंची पुरेशी वस्ती होऊ देणं, यालाच हौशी मंडळी ‘टँक सायकल करणं’ म्हणतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्तही.

आधी पाणी. मुंबईतले, कोकणातले श्रोते म्हणतील, समुद्र तर दारातच आहे. तरीही चौपाटीवरून कॅन भरून आणू नका. शहराच्या किनाऱ्याला सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खारेपणा पार खाली येतो. मीठही स्वयंपाकघरातलं चालत नाही. ते बहुतांशी नुसतं सोडियम क्लोराइड असतं आणि समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. दुकानात मरीन सॉल्ट म्हणून मिळतं तेच घ्या. शंभर लिटरला साडेतीन ते चार किलो लागतं. ते आरओच्या पाण्यात, वेगळ्या पिंपात, पंप चालू ठेवून रात्रभर विरघळू द्या. मात्र घरच्या प्युरिफायरमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळण्याची सोय असते, म्हणून टीडीएस मीटरने पाणी तपासा; आकडा शून्याच्या जवळ हवा. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आलं की झालं. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटतं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून आटलेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या आरओ पाण्याने करायची.

दगड सच्छिद्र आणि कोरडे घ्या, जिवाणूंना राहायला त्यात भरपूर जागा असते. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे, तो गुन्हा ठरतो.

आता जिवाणूंना खाद्य हवं. त्यासाठी मासा पणाला लावायची काहीएक गरज नाही, आणि ती पद्धत मला क्रूर वाटते. जाळीच्या पिशवीत एक कच्ची कोळंबी घालून टँकमध्ये सोडा. ती कुजेल, घरात थोडा वास येईल, पण काम होईल. त्याहून बरं म्हणजे टँकसाठी मिळणारं शुद्ध अमोनियम क्लोराइड मोजून घालणं. अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम होईल इतकंच. कल्हईचा नवसागर रसायन म्हणून तोच असला तरी तो टँकमध्ये नको. त्यात कोणत्या धातूंची भेसळ असेल हे कळत नाही, आणि तांब्याचा अंशही पुढे झिंग्यांना, शंखांना मारतो. बाटलीतले जिवाणू मिळतात, त्यांनी वेळ वाचू शकतो. पण बाटली ओतली म्हणून तपासणी चुकवायची नाही.

तपासणी हा या सगळ्याचा गाभा आहे, कारण अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत. थेंब टाकून रंग पाहायचा किट घ्या, कागदी पट्ट्यांपेक्षा तो भरवशाचा. मुदत संपलेली नाही ना, ते पाहा. रंगांचा तक्ता खाऱ्या पाण्याचाच वापरा. काही किटमध्ये गोड्या पाण्याचा तक्ता वेगळा असतो. नळी आधी टँकच्याच पाण्याने विसळा. बाटली उभी धरून थेंब टाका, नाहीतर थेंब लहानमोठे पडतात. सांगितली तेवढीच मिनिटं थांबा आणि रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा. नायट्रेटच्या अनेक किटमधली एक बाटली जोरजोरात हलवावी लागते, कारण तिच्यातला पदार्थ तळाला बसतो. ती न हलवता टाकली तर नायट्रेट नाहीच असं वाटतं.

दर दोन-तीन दिवसांनी आकडे वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल. मग तो उतरायला लागेल आणि नायट्राइट वर येईल. हा टप्पा रेंगाळतो, लोक इथेच कंटाळतात. नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटचा आकडा खोटाच मोठा दिसतो, त्यावर विसंबू नका. मधेच दगडांवर तपकिरी थर चढला तर घाबरू नका, नव्या टँकमध्ये तो येतोच. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने जिवाणू मरतील आणि सगळी मेहनत वाया जाईल.

शेवटची परीक्षा अशी: पुन्हा २ पीपीएम अमोनिया घाला आणि चोवीस तासांनी पाहा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट हजर, असं असेल तर टँक तयार. मग निम्मं पाणी बदला, म्हणजे नायट्रेट खाली येईल. खारेपणा आणि तापमान पुन्हा मोजा. २५ ते २७ अंश चांगलं.

सुरुवातीला एक-दोन लहान मासेच आणा. क्लाऊनफिश घेताना तो हॅचरीतला आहे का, हे विचारा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेलाच मासा घेण्याचं कारण उरलेलं नाही. पहिला आठवडा रोज अमोनिया तपासा. थोडा जरी दिसला तरी त्या दिवशी खाणं बंद ठेवा आणि पाव हिस्सा पाणी बदला. वीज जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच आणून ठेवा. पाणी हलायचं थांबलं की माशांबरोबर जिवाणूंचाही प्राणवायू संपत जातो. दोन-तीन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर टिकले की पुढचा मासा आणायला हरकत नाही.